बंद लाईन

"अगं, या चार दिवसांत काही होत नसतं," वायरमन कुजबुजला. बाळ झोपलं होतं, सुट्टीची दुपार होती. आठ महिन्यांत असा योग पहिल्यांदाच जुळला होता. "मेन स्विचच बंद असतो म्हण ना."

बायको दुपट्यांच्या घड्या घालत होती. पाळीची तिला अडचण नव्हती, मन तिचंही होतं. अडचण होती कंडोमच्या रिकाम्या पाकिटाची. आणि उद्यापासून ती परत कामावर जाणार होती.

"नर्सबाई म्हणाल्या, पाळीतही दिवस जाऊ शकतात. माझी तर लवकर लवकर येते. शिवाय एकमेकांचं इन्फेक्शन या दिवसांत पटकन लागतं."

"छे! माझ्या दोस्ताने छातीठोक सांगितलंय. दांडगा अनुभव आहे त्याला."

"पोरं किती त्यांना?"

वायरमन जरा घुटमळला. "चार. पाचवं वाटेवर आहे."

बायकोने हातातलं दुपटं झटकलं. तेवढ्यात पंखा कुरकुरत थांबला. उकाड्याने बाळ उठलं असतं तर योगच बुडाला असता. वायरमनने धावत जाऊन मेन बंद केला, स्टुलावर चढून बोर्ड उघडला.

"अहो, टेस्टर?"

"मेन मीच बंद केलाय ना!" म्हणत त्याने बोट घातलं, आणि दुसऱ्याच क्षणी तो दुपट्यांच्या ढिगात उताणा पडला. डोळे पांढरे, केस उभे.

"वरच्या मजल्याची लाईन. तिचा मेन वेगळा," तो बोबड्या जिभेने म्हणाला. "मागच्या वर्षी मीच याच बोर्डातून नेली होती. विसरलोच."

बाळ जागं झालं आणि बापाकडे बघून खदखदून हसलं. बायकोने आधी नवऱ्याचा हात चोळून दिला, मग म्हणाली, "सगळ्या गावाला कोण सांगत फिरतं हो, बंद दिसली तरी लाईन चालूच समजायची म्हणून?"

वायरमनने मुकाट्याने रबरी हातमोजे चढवले, टेस्टर लावून बघितलं, पंखा सुरू केला. वाऱ्याने बाळ पुन्हा पेंगुळलं, तशा त्याने पायात चपला सरकवल्या.

औषधाच्या दुकानात तो पुटपुटला, "कंडोम. दोन पाकिटं." दुकानदाराने त्याच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंतचे हातमोजे तसेच होते.

"एवढी काळजी घेणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय," दुकानदार म्हणाला. "दोन्ही एकत्र बांधू?"

"नको. एक वेगळं बांधा," वायरमन म्हणाला. "दोस्ताला द्यायचंय."