दोन गिअरबॉक्स

नव्यानं बांधलेलं इंजिन तिसऱ्या सेल्फला सुरू झालं आणि मुनीर मिस्त्रीनं पहिली हाक दीपमालाला मारली.

"भाभी, इकडं या. कान लावा. हा बारीक आवाज टॅपेटचा. तो वाजायलाच पाहिजे. बंद झाला तर मला फोन करा."

पदर कमरेला खोचून दीपमाला इंजिनावर वाकली. तिचा नवरा सूर्यभान शेडच्या तोंडाशी पालथ्या ड्रमवर बसला होता, डावा पाय लांब करून. अपघातानंतर तो गुडघा वाकत नव्हता, आणि क्लच दाबायचा पाय तोच. एकोणीस वर्षं मुनीर ह्या ट्रकच्या इंजिनावर वाकून त्याच्याशीच बोलत आला होता. दीपमालानं काहीतरी विचारलं. मुनीर हसला. सूर्यभानला वाटलं, येड्यासारखं विचारलं असंल. पण मुनीर म्हणाला, "बरोबर पकडलं भाभी."

शेडमध्ये खाली दोन गिअरबॉक्स मांडले होते. एक ट्रकचाच, जुना. त्यात क्लच दोनदा दाबावा लागे, आणि गिअर उतरवताना मधे रेस मापात द्यावी लागे, नाहीतर दाते खरखरत. दुसरा नंतरच्या मॉडेलचा, मुनीरनं भंगारातून आणून उघडून साफ केलेला. त्याचा गिअर दोन बोटांनी पडायचा.

"भाऊ, बोला आता," मुनीर म्हणाला. "माझं मत ह्या दुसऱ्याला. शाफ्ट चार बोटं कापली की बसतो. भाभींना सोपा जाईल."

"जुनाच टाक."

"चालवणार तर भाभी ना?"

"घाटात लोड असला की जुनाच ऐकतो. गाडी शिकायची तर पुरी शिकावी माणसानं."

ते खोटं नव्हतं. पण आणखी एक होतं, ते त्यानं सांगितलं नाही. हा गिअर आवाज न करता टाकणारा हात आजवर एकच होता. अपघातानंतर ठेवलेले दोन ड्रायव्हर ह्याच गिअरला शिव्या घालत निघून गेले होते, आणि दोन्ही वेळा सूर्यभानला लई बरं वाटलं होतं.

दीपमाला हात पुसत पुढं आली. हेवीचं लायसन्स मिळून तिला महिनाच झाला होता.

"टाका जुना," ती मुनीरला म्हणाली. "ह्यांना माहीत असतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी ट्रायलला पडेगावच्या शेडमधून बाहेर निघाली. दीपमाला स्टेअरिंगवर, सूर्यभान शेजारी. मुनीरनं खालून बजावलं, "इंजिन नवं आहे. चढाला ओढू नका. आवाज भारी झाला की लगेच गिअर उतरवा."

दौलताबादपर्यंत गिअर खरखरत राहिला. प्रत्येक वेळी दीपमालाचे ओठ घट्ट मिटायचे. सूर्यभान खिडकीबाहेर बघत होता. त्याला आतून गोड वाटत होतं. हे काही चांगलं नाही, हेही त्याला कळत होतं.

घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकायची वेळ आली. पडला नाही. गाडी चढावरच थांबली. मागं वेरूळला निघालेली बस हॉर्न देत राहिली. दीपमालानं ब्रेक दाबून धरला.

"मधी रेस किती द्यायची?" तिनं विचारलं.

त्याला माप ठाऊक होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

"ते हातालाच कळतंय," तो म्हणाला. "सांगून नाय येत."

तिनं पहिल्यावर गाडी उचलली. पुढच्या चढाला पुन्हा खरखर झाली, पण दुसरा पडला. त्याच्या पुढच्या वळणावर तिनं आवाज भारी व्हायच्या आधीच क्लच दाबला, सोडला, रेस दिली, पुन्हा दाबला. दुसरा गिअर पडला. आवाज आला नाही.

सूर्यभाननं गिअरच्या दांड्याकडं पाहिलं, मग तिच्या हाताकडं. ती समोरच बघत होती. त्याला एवढं जमायला दोन वर्षं लागली होती. तिला एक घाट लागला.

शेडमध्ये परत आल्यावर, खाली उतरायच्या आधीच तो मुनीरला म्हणाला, "हा काढ. दुसरा बसव."

"अरे, सकाळीच तर बसवला."

"तिचा खांदा दुखंल. रोजचं काम हाय."

मुनीरचा चेहरा फुलला. "हौ भाऊ, ये बात अच्छी की. बायकोचा इतका विचार कोण करतं?"

वेल्डिंग करणारा कडुबासुद्धा चष्मा वर सारून म्हणाला, "वहिनी, नशीब काढलं तुम्ही."

सूर्यभाननं ते सगळं ऐकून घेतलं. दीपमाला त्याच्याकडं बघत होती. तो मुनीरकडं बघत होता.

दोन दिवसांनी शाफ्ट कापून दुसरा गिअरबॉक्स बसला. जुन्यासाठी गिऱ्हाईक आहे, असं मुनीर म्हणाला. सूर्यभाननं ऐकलं नाही. चौघांना लावून त्यानं तो मागं हौद्यात चढवून घेतला.

संध्याकाळी गाडी फर्दापूरकडं, घरी निघाली. हर्सूल मागं पडल्यावर रस्ता मोकळा झाला.

"जुना जमला होता मला," दीपमाला म्हणाली.

"ठावं हाय."

तिनं मान हलवली. पुढचा गिअर टाकला. तो कधी पडला, ते सूर्यभानला ऐकू आलं नाही.