लग्नापामुलगी

सासूबाईंनी आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. छापायला देण्याच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "चारचौघांत सून सून काय म्हणायचं? सगळीकडे 'मुलगी' करून टाक."

माझा सगळा दिवस ऑफिसात काळ्या स्क्रीनवर कमांड देण्यातच जातो. घरीही टर्मिनल उघडून एका ओळीत हुकूम सोडला, 'सून' दिसेल तिथे 'मुलगी' घाल. कॉम्प्युटर पक्का सांगकाम्या. "लग्नापासून ती कधी रुसून बसली नाही" या वाक्याचं त्याने "लग्नापामुलगी ती कधी रुमुलगी बसली नाही" करून ठेवलं.

सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "अगं, हे काय भलतंच? होतं तसं कर मुकाट्याने. सूनच बरी."

मी उलटी कमांड दिली, 'मुलगी' दिसेल तिथे 'सून' घाल. रुसणं-बसणं सगळं जागेवर आलं, त्यांनी तेवढंच तपासलं आणि पुस्तक छापायला गेलं.

त्यांनी स्वतःच्या लेकीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, कौतुक केलंय, ते पान मात्र कुणी पाहिलं नाही. तिथे आता छापलंय, "आमची सून सकाळी उशिरा उठते, पण दमते हो बिचारी. तिला कुणी हाक मारायची नाही."

 

परवा सकाळी नवरा चहासाठी हाका मारायला लागला, तेव्हा मी पांघरुणातूनच ते पान पुढे केलं. "वाच. आईंनी लिहिलंय."