खासगी खेळ

माझ्या कादंबरीमालिकेतलं सरकार लोकांचे चेहरे चोरून वाचतं. त्या कादंबऱ्यांवरच्या सिनेमाचा खासगी खेळ होता. दारावर रखवालदाराने माझ्याही फोनच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली. नाहीतर कुणी सिनेमा चोरेल म्हणे. मध्यंतरात निर्मातेसाहेबांनी नवी गाडी दाखवावी तशी मला मागची खोली दाखवली. तिथल्या पडद्यावर मध्यंतरापर्यंत टिपलेले प्रेक्षकांचेच चेहरे होते: रडणारे हिरव्या चौकटीत, जांभया देणारे लाल. “खुर्च्यांसमोर बारीक कॅमेरे बसवलेत, मॅडम. कोण कुठे कंटाळतं लगेच कळतं. तुमचा तुरुंगाचा प्रसंग उडणार.” “प्रेक्षकांना विचारलंत?” “छे! विचारलं की माणूस खोटा चेहरा लावून बसतो.” मी नखाने फोनवरची पट्टी खरवडू लागले. “हेच वाक्य पहिल्या भागात माझा हुकूमशहा बोलतो. पुस्तकं उघडून तरी पाहिलीत?” “सवड कुठंय?” साहेब खुलले. “पण वाक्य झकास आहे. आपल्या नायकाच्या तोंडी घालू या!”