मांजर आणि राखणदार

"हे मांजर आहे की उशी?" मास्तरने पडद्यावर बोट ठेवलं.

"मांजर आहे," बायको म्हणाली.

"तू सांगितलंस म्हणून कळलं."

बायकोने फावल्या वेळात खपून आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम बनवला होता. मास्तर सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळायचा. हाताखालची पोरं पाठीमागे त्याला मास्तर म्हणत, कारण चहाचा कप हातात असला तरी त्याची शिकवणी थांबत नसे. हाच गेम पाहून परगावच्या एका छोट्या कंपनीने बायकोला नोकरीवर बोलावलं होतं आणि आज त्यांना कळवायचं होतं. गेम आधी मी तपासणार, जायचं की नाही ते मग सांगणार, असं मास्तरने जाहीर केलं होतं. काय सांगायचं तेही त्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

"मी खेळत असताना तू मागे गप्प बसायचं," तो म्हणाला. "बनवणाऱ्याला तोंडाने समजावून सांगावं लागलं, की गेम नापास. पहिल्यांदा गेम करणाऱ्याने शिकायचा हा पहिला धडा."

"एक शब्द बोलणार नाही," ती म्हणाली आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसली.

गेम अगदीच बाळबोध होता. एका घरात एक राखणदार टीव्हीकडे तोंड करून बसलेला. मांजराने त्याच्या पाठीमागून घरातली एकेक वस्तू तोंडात धरून दाराशी न्यायची आणि सगळ्या जमल्या की पसार व्हायचं. राखणदाराच्या तोंडाचा पट्टा तेवढा अखंड चालू.

"असला ठोंब्या राखणदार असतो का कुठे?" मास्तर खेकसला. "मागे अख्खं घर रिकामं होतंय आणि हा मान वळवायला तयार नाही! अगं, शत्रूला थोडी तरी अक्कल द्यायची. नाहीतर खेळणाऱ्याला मजा काय?"

मागून उत्तर आलं नाही. मास्तरला बरं वाटलं. इतक्या वर्षांत बाईला निदान एक नियम तरी पाळता आला होता.

मांजराने चष्म्याचं घर दाराशी नेऊन ठेवलं. दाराला त्याचा धक्का लागताच ते करकरलं. मास्तरने कान टवकारले आणि मग तो पोट धरून हसला.

"हे तर आपलंच दार! उघडताना कण्हतं, लावताना कण्हतं. त्याला तेल घाल म्हटलं, तर बाईसाहेबांनी रेकॉर्डिंग केलं! धन्य आहे."

खुर्ची जराशी हलल्यासारखी वाटली. मनाला लागलं असणार, मास्तरने ओळखलं. लागू दे. लागल्याशिवाय माणूस शिकत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

छत्री, शाल, पुस्तकं. प्रत्येक फेरीला तीच करकर. शेवटी त्याचे कान किटले. त्याने गेममधलं आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि शांतपणे खेळू लागला. खेळता खेळता त्याची टीका चालूच होती. भिंतींचे रंग म्हणजे दवाखाना. मांजराची चाल म्हणजे गोगलगाय. आणि लोक यासाठी पगार द्यायला निघालेत!

मांजर अजून स्वयंपाकघरातच होतं, तेवढ्यात दार करकरलं.

"बघ!" मास्तरने टेबलावर थाप मारली. "मांजर कुठे, दार कुठे! आवाज बंद केलाय तरी वाजतंय! साधं एक बटण धड चालवता येत नाही आणि निघाल्या नोकरीला."

तरीही ती काही बोलली नाही. मास्तरला तिची थोडी कीवही आली. संध्याकाळी बाहेर जेवायला नेऊ, त्याने मनात म्हटलं, म्हणजे रुसवा जाईल.

शेवटची वस्तू दाराशी पोचली आणि मांजर निघून गेलं. गेम मात्र संपला नाही. रिकाम्या घरात राखणदार टीव्हीकडे तोंड करून तसाच ओठ हलवत राहिला.

"शेवटही जमला नाही तुला. हा येडा अजून बोलतोय कोणाशी?" मास्तरने हात वर करून आळस दिला. "जाऊ दे, कळव त्यांना, जमणार नाही म्हणून." आणि खेळायला बसल्यापासून पहिल्यांदाच त्याने मान मागे वळवली.

खुर्ची रिकामी होती. चपलांच्या स्टँडवर फक्त त्याचेच बूट होते आणि घराचं दार उघडं होतं.