उत्तरेला अर्धा तास

बायको केतुरा दोन वर्षांपूर्वीच गेली, हे कप्तान शूबेल पिंकहॅमला नॅन्टकेट बेटाच्या धक्क्यावर कळलं. त्याचं जहाज चार वर्षांनी परतलं होतं. पिंपं देवमाशाच्या तेलानं काठोकाठ भरली होती. समोर मेव्हणी मेहिटेबल एकटीच उभी होती.

"तापानं गेली," ती म्हणाली. "पत्र पाठवलं होतं. ते तुला शोधत फिरत असेल अजून कुठल्यातरी समुद्रात."

शूबेलनं टोपी काढली. मग म्हणाला, "तिला एक सांगायचं होतं. ही माझी शेवटची सफर."

"हे तू तिला चारदा सांगितलंयस."

"या वेळी खरं आहे."

"मग इथूनच सांग. तुझा आवाज वादळात डोलकाठीच्या टोकापर्यंत जातो."

"नाही. चारही वेळा दारातून ओरडलो आणि पळालो. या वेळी तिच्यासमोर उभं राहून सांगणार."

अडचण एवढीच, की समोर म्हणजे कुठं ते कुणाला सांगता येईना. बेटावरचे लोक क्वेकर पंथाचे, ते कबरीवर दगड लावत नाहीत. मेल्यावर कशाला मिरवायचं? दफनभूमी म्हणजे नुसता गवताचा माळ. खाली दोन हजार माणसं, वर मेंढ्या. खड्डे खणणारा म्हातारा झॅकियस काठीनं एक जागा दाखवत होता. मेहिटेबल तिथून चाळीस पावलांवरची दुसरीच दाखवत होती.

"खड्डा मी खणलाय, बाई!"

"माझ्या मावशीचाही तूच खणलास. ती तरी सापडतेय का तुला?"

शूबेल दोघांना घरी घेऊन आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं बेटाचा नकाशा पसरला. किनारा दिसत नसला की दिशा, वेग आणि वेळ यांवरून जहाज कुठं आलं ते काढतात. त्या जोरावर त्यानं तीस वर्षांत एकदाही जहाज खडकावर घातलं नव्हतं.

"दफनभूमीच्या फाटकातून कुठल्या दिशेला निघालात?"

"सरळ उत्तरेला." यावर दोघांचं एकमत होतं.

"वेग?"

"शवपेटीच्या पुढं खांद्याला हाच होता," मेहिटेबल झॅकियसकडे बोट करत म्हणाली. " याचा गुडघा दुखत होता."

"म्हणजे तासाला दोन मैल. वारा?"

"तोंडावर."

"मग पावणेदोन धरू. केतुरा जड होती का?"

"शूबेल!"

"वेग कमी होतो, म्हणून विचारलं. वेळ किती लागला?"

"फाटकापासून माती लोटेपर्यंत अर्धा तास."

त्यानं कर्कटक फिरवलं. खूण केली. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. खूण समुद्रात पडली होती.

मेहिटेबल आधी शालीत तोंड खुपसून हसली, मग उघड हसली. "जन्मात कधी साध्या होडीत बसली नाही ती. आणि तू तिला बुडवलीस!"

शूबेलही हसला. धक्क्यावर उतरल्यापासून पहिल्यांदाच.

झॅकियस मात्र विचारात पडला होता. "त्या अर्ध्या तासात आपलं मौनही धरलंस का रे? खड्ड्याशी सगळे गप्प उभे होतो. देव कुणाला तरी बोलायला लावेल म्हणून."

"असं होय! मग ते वजा करतो. किती वेळ उभे होतात?"



"मौनात घड्याळ कोण बघतं?" झॅकियस म्हणाला.

ऑक्टोबरात जहाज दुसऱ्या कप्तानाबरोबर गेलं. शूबेल आता रोज सकाळी माळावर जातो. मेंढ्यांना बाजूला करून उभा राहतो, घसा खाकरतो. मग जरा उत्तरेला सरकतो. केतुराला अजून सांगून झालेलं नाही.