शेपटीवालं इंग्रजी

व्हिडिओ कॉलवर केरळची सून मधूनच शिवमशी, आपल्या नवऱ्याशी, इंग्रजीत कुजबुजायची. कौशल्याबाईंना सुटे शब्द कळत, पण क्रियापदाला मागून शेपटी लागली की अर्थ हातातून निसटायचा. शेवटी त्यांनी राजापेठेतला क्लास लावला.

“आजी, या वयात इंग्रजी काहून शिकून राहिल्या?” क्लासमधल्या पोरींनी विचारलं.

“सून माह्या पोराले माह्याबद्दल काय सांगते, ते पकडाचं हाय मले!”

सोमवारी सरांनी शिकवलं, ‘लीव्ह आऊट’ म्हणजे वगळणे. त्याच संध्याकाळी कॉलवर सून पुटपुटली, “स्पीक मराठी, शिवम. डोन्ट लीव्ह आई आऊट.”



कॉल संपताच कौशल्याबाईंनी शिवून ठेवलेलं दिवाळीचं पार्सल उसवायला घेतलं. त्यात एकट्या शिवमचेच कपडे होते.