न चाखलेली वाइन

दिंडोरीच्या वायनरीत पाहुण्यांना लाल वाइन समजावून सांगता सांगता कचेश्वरचा घसा बसला होता. शिराझ ही वाइन आधी पिकल्या जांभळासारखी लागते, मागून मिरीसारखी चुरचुरते आणि काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर खुलते, हे त्यानं आज अकरा वेळा सांगितलं. मग तसाच पाय ओढत तो देवळात आला. तिथं हरिनाम सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. चारपासून वीणा धरायचा पहारा त्याचा होता.

म्हातारे कीर्तनकार पुंजातात्या दुपारभर वीणा घेऊन उभे होते. कचेश्वर समोर आला तरी त्यांनी वीणा सोडली नाही.

"दारूचा वास येतोय तुझ्या अंगाला."

"अंगालाच येतोय, तात्या. पाहुण्याचा पेला सांडला. तोंड हुंगून बघा."

तात्यांनी खरंच हुंगलं. मग त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ बोटानं चाचपली.

"घोट घेत नाहीस, मटण खात नाहीस. मग लोकांना चवी कुठल्या सांगतोस रे?"

"जाणत्यांनी सांगितलेल्या." कचेश्वर खांबाला टेकला. "तुम्ही चाळीस वर्षं कीर्तनात वैकुंठ सांगता. कधी जाऊन आलात?"

तात्या असे हसले की वीणेच्या तारा झणझणल्या. "नाही बाबा. आम्हीपण ऐकलेलंच सांगतो."

त्यांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि रिवाजाप्रमाणे विणेकऱ्याच्या पाया पडायला वाकले. वाकले ते त्यांना उठता येईना. कचेश्वरनं एका हातानं वीणा सावरली आणि दुसऱ्या हातानं तात्यांना उभं केलं.